एक्काहत्तर टक्क्यांवर

निळी पट्टी एक्काहत्तरवर येऊन बसते.
आज तिसरी रात्र. पंखा धापा टाकतोय,
लॅपटॉपखाली टेबलाचं लाकूड ऊन झालंय,
आणि मग तीच चौकट:
निर्यात अयशस्वी. कारण अज्ञात.

अज्ञात म्हणजे काय, टेकविन मांजराला विचारतो.
खाणीत मी असं उत्तर दिलं असतं
तर मुकादमानं दुपारपर्यंत घरी धाडलं असतं.

बाहेर ब्लायनायचा पाऊस,
पाट्यांच्या राखाडी डोंगरावर. इथे ती बातमी नव्हे.

निर्यात हा शब्द या घराण्यात जुना आहे.
पणजोबांनी फोडलेल्या पाट्या
पोर्थमाडॉगहून जहाजात चढून हॅम्बर्गला गेल्या.
एकही वाटेत एक्काहत्तर टक्क्यांवर थांबली नाही,
असं तो नातीला फोनवर सांगतो.
नॉन कार्डिफहून हसते, आणि म्हणते,
ताइद, बंद करून परत चालू केलंस का?

केलं.
डिस्कवर जागा केली. शेजारच्या मेउरिगचं अख्खं लग्न पुसलं
(त्यानं स्वतःच दोन वर्षांपूर्वी पुसलं होतं).
दर्जा उतरवला. स्वरूप बदललं.
ग्राफिक्स कार्डाला म्हटलं, तू बाजूला हो.
एक्काहत्तर.

मग हात आपोआप जुन्या कामाकडे वळले.

पाटीचा दगड कडेनं सोलायचा नसतो.
छिन्नी मधोमध लावायची, हलकेच ठोकायचं,
दोन झाले की प्रत्येकाच्या पुन्हा मधोमध.
छत्तीस वर्षं हेच.
त्यानं फिल्म मधोमध फोडली.

चव्वेचाळीस मिनिटांतली पहिली बावीस
सुखरूप बाहेर आली.
पुढच्या बाविसातली पहिली अकरा अडकली.
त्या अकरातली मागची साडेपाच.
रात्री एक वाजता छिन्नीखाली उरला
नऊ सेकंदांचा एक पापुद्रा:

बहीण एलिनेद, चाळिशीची, दारात पायपुसणं झटकतेय.
धूळ उन्हात उडते. ती कॅमेऱ्याला काहीतरी सुनावते.
मागे आईवडिलांचं घर, जे नंतर पाडलं;
आधी पाट्या उतरवून विकल्या, मग भिंती.

चित्रात खोट नव्हती. तीनदा पाहिलं.
चौथ्यांदा पाहिलं ते खोट शोधायला नव्हे.

नॉनचं सकाळी उत्तर: ताइद, फाइलचं नाव वाच.

त्यानं नाव दिलं होतं, एलिनेद आणि ती.
त्यांच्या भाषेत ती म्हणजे घर,
आणि तो म्हणजे छप्पर.
घर लिहिताना अक्षरावर
एक छोटा तो द्यावा लागतो,
दोन तिरक्या रेघा, वर टोकाला भेटणाऱ्या.
प्रोग्रामला ते अक्षर येत नाही.
छप्पर काढ, नॉननं लिहिलं होतं, चालेल.

(ज्या लिपीत मी हे लिहितोय तिच्यात
सगळी अक्षरं एकाच छपराखाली दाटीनं राहतात.
तरी थबकलो.)

टेकविन थबकला तो चहा थंड होईपर्यंत.
मग कळीवर बोट ठेवून
त्यानं एका घराचं छप्पर उतरवलं, स्वतःच्या हातानं,
पगाराशिवाय.

सत्तर. एक्काहत्तर.
बहात्तर.
मांजराला जाग आली, इतक्या जोरानं तो म्हणाला काहीतरी.

पेन ड्राइव्ह पाकिटात घालून
पाकिटावर त्यानं तेच नाव लिहिलं, शाईनं,
आणि छप्पर जरा मोठंच काढलं,
पागोळ्या बाहेर पडतील असं.

शनिवारी चॅपलमागच्या सभागृहात
एलिनेदच्या ऐंशीव्या वाढदिवसाला पडदा लागला.
शेवटच्या दहा मिनिटांत आवाज घसरला होता:
ओठ आधी हलायचे, शब्द मागून यायचे.
टेकविननं मान खाली घातली. हे आता पुन्हा फोडायचं.

राहू दे, एलिनेद केक खात म्हणाली,
मला आता सगळेच असे ऐकू येतात.
आणि ते पायपुसणं परत दाखव.